ठोका

पहाटे साडेतीनला मन उठतं.
माझ्या आधी उठतं, चप्पल घालत नाही,
उद्यमनगरच्या बंद गल्लीतून
थेट त्या शेडमध्ये जातं
जिथं आता दुचाक्यांचं शोरूम आहे.

मी मोल्डर. एकतीस वर्षं काळ्या वाळूत.
ओतलेलं बीड नुसत्या डोळ्यांना कळत नाही,
वरून गुळगुळीत असतं
आणि आत कुठंतरी हवेचा फुगा अडकलेला.
म्हणून हातोडीनं एक ठोका द्यायचा
आणि कान लावायचा.
घंटेसारखं वाजलं तर पास.
बद्द वाजलं की परत भट्टीत.

त्या रविवारी, सोमवारची सुट्टी तोंडावर,
ट्रक दारात, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर,
एक चाक बद्द वाजलं.
फार नाही. जरा.
पावसाळ्यात दार जसं जरा अडतं, तेवढंच.
मी खडूनं बरोबरची खूण केली.

झालं. एवढंच घडलं.
तक्रार आली नाही, पत्र नाही, फोन नाही.
मालकानं दिवाळीला बोनससुद्धा दिला.

पण मनाची ताकद बघा.
त्यानं त्या चाकाला गाव दिलं,
गुऱ्हाळ दिलं, नदीकाठचा ऊस दिला,
चरकात कांडी सारणारा एक पोरगा दिला,
कानात बाळी असलेला.
त्याचं नावसुद्धा ठेवलं, सिदगोंडा.
आणि सोळा वर्षं, रोज पहाटे,
ते चाक त्याच्या अंगावर फोडलं.
खडूच्या एका रेघेवर
एवढा मोठा कारखाना
कुठल्या शेठला उभा करता आला नसता.

डॉक्टरांच्या गोळीनं शरीर झोपतं.
मन उशाशी बसून राहतं,
गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखं.
बायको म्हणाली, जोतिबाला जाऊन या.
गेलो. गुलाल घेऊन डोंगर उतरलो.
एसटीत चाक माझ्या शेजारीच बसलं होतं,
तेही गुलालानं माखलेलं.

परवा गंगावेशीत, दूध कट्ट्यावर
कासम मुल्लाणी भेटला, आमच्या भट्टीवरचा.
तेव्हा जळालेल्या भुवया
अजून अर्ध्याच उगवल्यात.
म्हैस समोर पिळत होते.
धार पेल्यात आधी खणखण वाजली,
मग भरत भरत मऊ झाली.
मी त्याला सगळं सांगून टाकलं.
बायकोलाही जे कधी सांगितलं नव्हतं.

मिशीवरचा फेस पुसत तो म्हणाला,
"चाक फुटलं असतं तर बिल परत आलं असतं की रं!"

मन गप्प झालं. दोन घोट.
मग म्हणालं,
आणि गिऱ्हाईकच मेलं असलं तर?

कासमनं पेला खाली ठेवला.
"वाजवलंस कसं पर? साखळीला टांगून, का भुईवर?"

भुईला टेकलेलं चाक
चांगलं असलं तरी बद्दच वाजतं.
नव्या पोरांना हे मीच शिकवायचो.
त्या दिवशी साखळी मोकळी होती?
का ट्रकच्या मालाला गुंतली होती?
आठवेना.
कट्ट्यावर उभा राहून डोळे मिटले, तरी आठवेना.
सोळा वर्षांत मनानं
सिदगोंडाच्या बाळीतला मणीसुद्धा बघितला,
साखळीकडं एकदाही बघितलं नाही.

आज पुन्हा साडेतीन.
मनाला म्हटलं, थांब, चप्पल घालू दे.
चालत रंकाळ्यावर गेलो, कठड्यावर बसलो,
पाय पाण्याच्या बाजूला सोडले,
कुठं टेकवले नाहीत.
छातीवर बोटानं एक ठोका दिला
आणि कान लावला.

खणखणीत म्हणता येणार नाही.
बद्दही म्हणवत नाही.

पलीकडं अंधारात कुणीतरी
म्हैस पाण्यात घातली.
तिची लाट या काठाला यायला
बराच वेळ लागला.
मी ती येईपर्यंत बसलो.