अकरा अंश

काउंटीच्या पत्रात एवढंच होतं:
मनोरा तपासा. पाडायचा की ठेवायचा ते लिहा.
म्हणून मी फेब्रुवारीत, मिशिगनच्या उत्तर टोकाला,
लोखंडाच्या खाणी मिटलेल्या हॅल्डर्सविक गावात,
हातोडी, कॅलिपर, ओळंबा घेऊन.

किल्ली आर्ने ब्रेकहुसकडे. वय ब्याऐंशी.
डाव्या गुडघ्यावर टिचकी मारून म्हणाला,
"हा पोलादाचा. त्या मनोऱ्याहून नवा आहे."

आधी इथे नुसती टेकडी होती
आणि नॉर्वेहून आलेले खाणकामगार.
सहा दिवस जमिनीखाली,
सातव्या दिवशी जमिनीला पायच लावायचा नाही
असं काहीतरी त्यांनी ठरवलं असावं.

लाकडी मनोरा एका नोव्हेंबरात वाऱ्याने नेला.
मग बंद खाणीचा पाळणा सोडणारा सांगाडा
ओढत आणला घोड्यांनी, उतारावर उभा केला.
ज्याने माणसं खाली सोडली, तोच आता
त्यांना वर न्यायला. रिव्हेटही तेच.
मी मोजले: चौदा सैल, दोन गायब.

टेकडीचा बाक काढला ओलाउस नावाच्या पिंपवाल्याने.
आयुष्यात एकदाही उडी मारली नाही त्याने.
पोरांना वर चढवून राखेने भरलेले मोजे फेकायला लावले,
बर्फावर काळे डाग पडले, ते दोरीने जोडले,
आणि दोरीखालची टेकडी तासत नेली दोन उन्हाळे.
म्हणजे आधी पडणं. जमीन नंतर.

त्यामुळे माणूस पडतो तेव्हा
उतारही त्याच्या बरोबरीने पडत राहतो,
हातभर अंतर ठेवून, सोबतीला आल्यासारखा.
पाय टेकतात ते अंधारात
जिन्याची एक पायरी चुकावी तेवढ्या धक्क्याने.
खाली स्प्रूसच्या फांद्या रोवलेल्या असतात रांगेत.
त्यांच्या पलीकडे जमीन सपाट होते,
सोबत संपते.
आर्नेचा गुडघा तिथला.

वर टोकाशी मी ओळंबा सोडला.
मला वाटत होतं, फळी शेवटी वर वळत असेल,
गोफणीतून दगड सुटावा तसा माणूस सुटत असेल.
पुन्हा मोजलं. अकरा अंश. खाली.
"सगळ्यांना वर वाटतं," आर्ने खालून ओरडला,
"वर फक्त पाहुणे बघतात!"

पडलो तरी नाक वर, असं आमच्याकडे म्हणतात,
टोमणा म्हणून.
इथे नाक स्कीच्या टोकांच्या मध्ये, पुढे,
आणि पडण्याचेच गुण मिळतात.

तिसऱ्या कठड्याखाली गंज खरवडताना
पोलादावर खिळ्याने कोरलेलं सापडलं:
इंगा, १३१ फूट, मार्च ५९.
खाली येऊन विचारलं.
तो बराच वेळ किल्ली शोधत राहिला,
किल्ली माझ्या हातात होती.
"बहीण," म्हणाला. "रात्री. वडिलांच्या ट्रकचे दिवे लावून.
टेप मी धरली होती.
नोंदवहीत मुलींना पान नव्हतं."
पुढे ती काय करायची?
"टोलेडोला होती. दात बसवायची लोकांचे."

मोटेलच्या टेबलावर अहवाल लिहायला बसले.
पाया ठीक. पश्चिमेकडच्या दोन तुळया बदलाव्या.
जिना धोकादायक.
टोकाचा उतार: अकरा अंश, खाली, बरोबर.
शिफारशीच्या चौकटीत पेन टेकवून थांबले,
शाईचा ठिपका पसरत गेला,
बर्फावर राख पडावी तसा.

एक सांगायचं राहिलं.
उतरताना मी पाठमोरी उतरले,
दोन्ही हातांनी कठडा धरून,
दर पायरीवर आधी पायाने चाचपत
जमीन आहे ना.