कँडल घासायचा वार

शनिवारची सकाळची शाळा सुटली
की आक्काताई फिल्टर उघडतात.
खिचडीचं पातेलं पालथं पडलेलं,
पदर खोचलेला, हातात जुना टूथब्रश,
कुणाचा, ते मी विचारत नाही.

कँडल बाहेर येते तेव्हा
तिच्या पांढऱ्या अंगावर शेवाळी, चिकट थर :
आठवड्याची पंचगंगा.
"बघा गुरुजी,
ह्ये समदं पोरांच्या पोटात जात हुतं."
आणि ब्रश फिरवतात
लेकराची पाठ चोळावी तसा, बेतानं.
जोर लावला तर कँडल तडकते,
आणि तडकलेली कँडल
पाणी गाळल्याचं नुसतं दाखवते.

माझ्याकडं गेल्या सालचं हजेरीपत्रक आहे.
मगदूम पार्श्व : गै. गै. गै.
शिकलगार रुकसार : तेरा दिवस,
लाल शाईत, रांगेनं.
शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, कावीळ.
पुढच्या ओळींत तोही नाही,
नुसतं 'वरीलप्रमाणे'.
कोल्हापूरहून आलेले साहेब म्हणाले होते,
गुरुजी, अक्षर झकास आहे तुमचं.

फिल्टर आला तेव्हा फोटो झाला.
नारळ फुटला,
त्याचं पाणी मोठ्यांनीच आधी प्यायलं.
मग पोरं.
पार्श्वनं दोन घोट घेतले, वर बघितलं :
"ह्येला चवच न्हाई की, गुरुजी."
म्हटलं, अरे, हीच चव.
त्याला काही पटलं नाही.
मधल्या सुट्टीत तो अजून
मागच्या नळाला ओंजळ लावतो.
ते गार असतंय म्हणतो.
मी नळाला तार आवळली.
त्यानं ती सोडवली, नीट गुंडाळली
आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली.

रुकसारचं निराळंच.
ती ग्लास घेत नाही. बाटली भरते,
शेवटच्या घंटेच्या जरा आधी,
आणि दप्तरात वह्यांच्या मधोमध उभी करते.
भूगोलाची वही कायम ओली.
घरी धाकटा आहे, आठ महिन्यांचा.

नियम असा, की पाणी शाळेतच प्यायचं.
दिवसभरात थेंबाथेंबानं वीस लिटर उतरतं
आणि पटावर पोरं त्रेसष्ट.
नियम मीच लिहिलाय, फळ्याच्या कोपऱ्यात,
चौकट आखून.

आज आक्काताईंनी कँडल बसवली,
पहिलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं,
चपला घालता घालता थांबल्या.
"त्या पोरीला बाटली जरा मोठी आणायला सांगा.
सोमवारपासनं मी तासभर आधी येते,
वरचा डबा लवकर भरला
की हुतंय सगळ्यांचं."

त्या गेल्या.
मी डस्टर शोधला, सापडला नाही.
मग नळाखाली हात भिजवून
तळव्यानंच पुसली ती चौकट.
ओल्या फळ्यावरून अक्षरं लगेच जातात.
वाळला की परत दिसतात, पुसट.
सोमवारी पुन्हा पुसावी लागतील.