तायी कार्ड

कार्डावर वर कन्नडमध्ये छापलंय: तायी.
तायी म्हणजे आई.
मी वाचून दाखवलं तेव्हा प्रज्ञाला ताई ऐकू आलं.
म्हणाली, तुमचंच नाव छापलंय की हो, आशाताई.
तिसरा चालू होता तिला.
हसतानाही ओढणी तोंडाशी, मळमळ थांबत नव्हती.

कुद्रेमनीत नांदायला आली ती शिनोळीहून.
चालत गेलं तर मधे दोन शेतं, काजूची बाग
आणि एक दगड.
दगड ओलांडला की फोन थरथरतो,
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
परत येताना पुन्हा थरथरतो.

मी तिच्या लाल गोळ्या मोजल्या, रिकामी पाकिटंसुद्धा.
रक्त आठ पॉइंट दोन होतं,
मग नऊ पॉइंट सहा.
तो आकडा पेनानं दोनदा गिरवला मी,
कुणी विचारलं तर दाखवायला.
कुणी विचारलं नाही.

सातव्यात ओटी भरली.
मी जातो आता माहेराला, म्हणाली.
पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुठल्या फॉर्मात नाही,
पण ते सगळ्या फॉर्मांच्या आधीचं आहे.

पोर तिकडं झाली. पहाटे, चंदगडच्या दवाखान्यात,
दोन किलो सहाशे.
पंधरवड्यानं मी फाईल घेऊन निघाले.

इकडचे साहेब म्हणाले, हेरिगे एल्लि आयतु?
बाळंतपण कुठं झालं?
तिकडं.
मग तिकडं विचारा.
तिकडचे म्हणाले, नोंदणी कुठली?
इकडची.
मग इकडं विचारा.
दोघांनी खुर्ची दिली, एकानं चहा.
वाईट कुणीच नव्हतं.
फक्त सातशे रुपये होते
मधल्या दगडावर बसून राहिलेले.

उन्हाळा गेला. पोरीला दोन दात आले.
मग हारुगेरीची एक बाई बदलून आली, रत्नव्वा,
संगणकावर बसणारी.
म्हणाली, जागेचं काही नाही अक्का,
तिकडच्या कागदाची झेरॉक्स लावली की झालं.
पण हे नाव जुळत नाही.
आधार माहेरचं: त्यात ज्ञ ला डी, एन, वाय.
पासबुक इकडचं: त्यात जे, एन.
आम्ही म्हणतो द्न्य, ते म्हणतात ज्न,
आणि यंत्राला वाटतं
दोन बायकांनी मिळून एकच पोर काढलंय.

नावाचा अर्थ काय, रत्नव्वानं विचारलं.
शहाणपण, म्हणाले मी.
ती हसली नाही. चष्मा पुसला,
डबा बाजूला सरकवला
आणि जेवणाच्या सुट्टीत बसून जुळवलं.

पैसे आले तेव्हा पोर चौदा महिन्यांची.
प्रज्ञा फोन घेऊन धावत आली.
ताई, ही कोण बाई, प्रज्ना?
तूच की.
तिनं पुन्हा वाचलं, ओठ हलवत,
नव्यानं ओळख करून दिल्यासारखं.

चारशे गेले शिनोळीच्या रिक्षावाल्याला, त्या पहाटेचे.
त्यानं चौदा महिन्यांत एकदाही मागितले नव्हते,
म्हणूनच ते टोचत होते, म्हणाली.
तीनशेचे पोरीला बूट,
पाऊल टाकलं की पीक वाजणारे.

माझं मानधन दोन महिने वर अडकलंय.
वर म्हणजे बेंगळूर की दिल्ली, कुणी सांगत नाही.
मी वर बघते तर नारळाचं झाड.

आज सोमवार. नवीन तीन कार्डं.
बाहेर पीक, पीक, पीक,
पोरगी आजोळच्या वाटेला लागलीय
आणि मागून प्रज्ञा, अगं थांब, अगं चप्पल तरी घालू दे मला.

समोर बसलीय ती बारकीशी, एकोणीस वर्षांची,
ओढणी तोंडाशी धरून.
मी पेन झटकते.
नाव सांग, म्हणते.
नाही, तसं नको.
अक्षरं सांग. एकेक.