वरची चौकट

सहा पटांचा पडदा दोघांनी उचलून आत आणला,
कांबळ्यात गुंडाळलेला, आजाऱ्यासारखा.
ताकाओकात त्या दिवशी बर्फ गुडघ्याला लागत होतं.
म्हातारे उराता दारातच बूट झाडत म्हणाले,
"बिजागऱ्या गेल्यात. बाकी काही करू नका."

बिजागऱ्या म्हणजे कागदच. लोकांना त्या लोखंडी वाटतात.
मी खळ काढली, दहा वर्षं रांजणात मुरलेली,
वास विचारू नका.

तिसऱ्या पटावर लव्हाळे.
चौथ्यावर पाणी, म्हणजे काहीच नाही, कोरा कागद;
कडेला एक वाकडी काठी बुडालीय, म्हणून पाणी.
पाच रानहंस उतरताहेत. सहावा
घडीत सापडलाय, अर्धा इकडे, अर्धा तिकडे,
पडदा उघडाल तेवढाच उडतो.
चंद्र रुप्याच्या वर्खाचा. आता काळाठिक्कर.

खालची चौकट झिजलेली. झिजणारच.
मग वरची पाहिली.
तिथल्या लाखेवरही तसेच ओरखडे,
आणि खाचेत तातामीच्या गवताचं एक कूस.
म्हणजे हा पडदा
कधीतरी डोक्यावर उभा होता.

विचारलं नाही. चहा ठेवला.
तेच म्हणाले, चार वेळा.
माणूस गेलं की उशाशी पडदा उलटा लावायचा,
आमच्याकडे तसंच.
आजोबा. धाकटी मावशी. आई.
चौथं नाव घेतलं नाही,
पेल्याचा काठ अंगठ्याने पुसत राहिले.

"आजोबांच्या वेळी मी अकराचा.
मान वाकडी करकरून पाहायचो.
लव्हाळे आभाळातून लोंबताहेत,
चंद्र खाली, आजोबांच्या कानाशी.
तेव्हा तो एवढा काळा नव्हता. की होता?
मोठ्यांनी हाकललं मला.
पण उतरणारे पक्षी
पाठीवर उताणे, वर चढताना
मी पाहिलेत."

अस्तरात मासळीच्या वहीची पानं निघाली:
माकूळ चाळीस, येणे बाकी.
होती तिथेच परत चिकटवली.
पाच घड्यांना नवे कागद घातले,
चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले.
खालची चौकट भरली.
वरच्या चौकटीला ब्रश टेकवणार, तोच फोन.
"ती राहू द्या," म्हणाले.
"अजून एकदा लागेल."

पावतीवर लिहिलं: बिजागऱ्या नव्या, चंद्र आहे तसा.
ते गवताचं कूस मात्र
मी आधीच चिमट्याने काढून बसले होते.
पुडीत घातलं,
पावतीला टाचून दिलं.