पाणी लागतं चार फूट

या कुबल. वाकून या,
लेथच्या मागनं वाट आहे, शर्टाला ऑइल लागंल.
ही चंद्री.
अठ्ठावीस फूट, फायबर. वय आमच्या थोरल्याएवढं,
पण त्याच्यापेक्षा कमी बोलते.

नाव म्हशीचं आहे. हसा, सगळे हसतात.
बापाची म्हैस पंचगंगेत उतरली की
दिवस मावळला तरी बाहेर यायची नाही.
पाण्याच्या जिवाला दुसरं काय नाव द्यायचं?

वास्कोच्या धक्क्यावर एका डच म्हाताऱ्यानं विकली.
त्याचे गुडघे गेले होते. आता माझे गेलेत.
आंबोलीच्या घाटातनं उसाच्या ट्रॉलीवर आणली,
डोलकाठीच्या टोकाला बायकोच्या लुगड्याची लाल चिंधी.
वळणावर एसटी थांबली,
दोन बायका उतरून पाया पडल्या.
मी काही बोललो नाही. कुणी पाया पडत असेल तर पडू द्यावं.

सामान बघा.
मोठं शीड, एकदाही न फाटलेलं. फाटायला वारा लागतो.
पुढच्या शिडाचा कोपरा उंदरांनी नेला,
दस्तगीरनं ठिगळ मारलंय; तो रिक्षाचे हूड शिवतो,
टाका उसवायचा नाही.
विंचांचे दाते झिजले होते, नवे मी ओतले, मीच कापले.
गनमेटल आहे. फिरवा. ऐकलं?
हा आवाज ऐकायला मी रविवारी येतो.
नांगर पंधरा किलो. दार आपटू नये म्हणून लावतो,
त्यानं तो झिजून चकाकतोय.
लाल-हिरवे दिवे चालू; गणपतीत तरुण मंडळ नेतं, परत आणून देतं.
रेडिओ लागतो. खरखर येते. ती खरखर समुद्राची असंल
असं मी पुष्कळ दिवस धरून चाललो.
आणि ही शेगडी. बोट कशीही कलली तरी सरळ राहणारी.
वीस वर्षं कारखान्याचा चहा हिच्यावर.

होकायंत्र उत्तम.
थांबा. त्याचं एक आहे, जाहिरातीत घातलं नाही.

एकोणीसचा महापूर. जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरलं,
शाहूपुरीत शिरलं, इथं शिरलं.
चंद्रीला तरंगायला चार फूट लागतं.
शेडमध्ये साडेतीन आलं.

रात्रभर मी वर, सुकाणू धरून.
ती हलली, कुबल.
दावणीची म्हैस पाण्याचा वास आल्यावर हलते ना, तशी,
खालनं, पोटातनं.
पलीकडं कुंभार गल्लीत सुभानाचे दीडशे गणपती
रंगाआधीच विरघळत होते,
त्याची म्हातारी माळ्यावर देवाचं नाव घेत होती,
मला स्वच्छ ऐकू येत होतं.
जवानांची रबरी बोट बॅटरी मारत दारावरनं गेली.
आणि मी मनात म्हणत होतो:
अजून अर्धा फूट.
एकदा नाही म्हटलं.

चौथ्या दिवशी सुभाना आला, कोपरापर्यंत चिखल.
म्हणाला, तुझी बोट वाचली, बरं झालं.
मी त्याला चहा केला. दुसरं काय करणार होतो?
त्यानं बशीत ओतून प्याला आणि अजून अर्धा कप मागितला.

आता ही तबकडी बघा. सोळा वर्षं एकाच आकड्यावर,
भिंतीतल्या त्या भेगेच्या रोखानं.
त्या रात्री दोन अंश सरकली.
पाणी माघारी गेलं, ही गेली नाही.
कारागीर माणूस मी, जॅक लावून सरळ केली असती.
नाही केली.

किंमत तुम्ही बोला, मी लई ताणणार नाही.
मागची भिंत पाडावी लागंल, ती मी नंतर बांधलीय,
तो खर्च माझ्याकडं.
नाव बदललं तरी चालंल. देवगडात म्हैस शोभायची नाही.
पाण्यात सोडाल तेव्हा फोन करू नका,
दुसऱ्या दिवशी करा.

आणि शेगडी यादीत धरू नका.
ती राहू दे इथं.
बसा, साखर किती?