दुरुस्तीची रेघ

एकतीस वर्षं मी या रस्त्यावर ग्रेडर चालवला.
पातं तिरपं धरायचं, कडेला गेलेली खडी
मधे ओढून आणायची,
पुढच्या आठवड्यात ती परत कडेला.
काउंटीच्या पगारपत्रकात माझं काम एवढंच:
खडीला तिची जागा सांगणं.

आता गुडघ्यात धातू आहे आणि बुडाखाली
दारियाची सायकल. रुंद टायर, हवा मुद्दाम कमी.
विनिपेगला जाताना म्हणाली, बाबा,
गॅरेजात गंजू देऊ नका.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

सकाळचे सहा. कनोला फुललाय,
इतका पिवळा की डोळे मिटले तरी पिवळाच.
वाऱ्याला अजून जाग नाही.
शेजारच्या खोलीत कुणी सूर्यफुलाच्या बिया चावत बसावं
तशी टायरखाली खडी वाजते.
केबिनमध्ये हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.
इंजिन होतं, रेडिओ होता, गव्हाचे भाव होते.

मग नाल्यापलीकडच्या चढावर ते आले,
रस्त्याचे आडवे दात, धुण्याच्या फळीसारखे.
हाडं खुळखुळली, चष्मा नाकावरून घसरला.
याच चढासाठी बोयचुकबाई दर वसंतात फोन करायची.
गावात पोचेपर्यंत डझनातली चार अंडी फुटतात, म्हणायची.
मी म्हणायचो, बाई, सावकाश चालवा.
बोयचुकबाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.
तुमची अंडी आज मला पोचली.
घरही नाही आता तुमचं. लायलॅकचं कुंपण तेवढं
चौकोन धरून उभं,
कशाभोवती ते विसरून.

सकाळपासून गाडी एकच. टपालवाली लॅव्हर्न.
तिनं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं,
आमच्याकडे नमस्कार एवढाच असतो.
मीही उचललं आणि पडता पडता वाचलो.
तिची धूळ अर्धा मैल हवेत रेंगाळली, मग शेतात बसली.
त्यानंतर कुणी नाही.
खांबावर एक मेडोलार्क, सगळं सांगून झालं
की पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग तो कोपरा, जिथे सरळ रस्ता अचानक संपतो.
डावीकडे वळा, थोडं जा, उजवीकडे वळा,
पुन्हा तोच रस्ता, उत्तरेकडे.
वडील म्हणायचे, सर्व्हेवाला प्यायला होता.
तसं नाही. पृथ्वी गोल आणि आमचे रस्ते चौकोनी.
उत्तरेकडे जाताना रेघा एकमेकींकडे सरकतात,
चूक साठत जाते,
दर चोवीस मैलांनी ती अशी फेडावी लागते.
नकाशावर नाव आहे, दुरुस्तीची रेघ.
ग्रेडर तिथे एका दमात वळायचा नाही,
म्हणून मी या कोपऱ्याला फक्त शिव्या दिल्या.

आज पाय टेकला.
चारी बाजूंना इतकं सपाट
की गोटी ठेवली तर जागची हलणार नाही,
आणि तरी टाचेखाली कुठेतरी तो बाक.
पाणी प्यायलो. दारियाचा विचार आला.
शेवटचा फोन तिचा की माझा, आठवेना.
चोवीस मैल केव्हाच होऊन गेले असणार.

पश्चिमेला वळल्यावर टेकड्या.
आधी रंग नुसता, मग अंगं, मग पाइनची एकेक झाडं.
गुरं अडवणारी लोखंडी जाळी ओलांडली,
दात पुन्हा वाजले,
आणि रस्त्यानं सर्व्हेवाल्याचं ऐकणं सोडलं,
ओढ्याचं ऐकायला लागला.

इथून पुढची खडी दुसऱ्या काउंटीची.
कालच कुणीतरी पातं फिरवून गेलंय.
मधे उंचवटा, दोन्ही अंगांना उतार,
पाणी थांबायचं नाही. वळणाला घाई केलेली नाही.
पोरगं असेल किंवा पोरगी, हात चांगला आहे.

एक गोटा तेवढा राहून गेला होता, मधोमध.
उतरलो. गुडघा कुरकुरला.
बुटानं तो कडेला सारला,
आणि खिशात फोन शोधत
चढाकडे बघत उभा राहिलो.