रजिस्टर

नवापूरच्या मंडळीचं रजिस्टर माझ्याकडे असतं.
तीन वर्षं वर्गणी नाही, हजेरी नाही,
ऊसतोडीला बारडोलीकडे गेला तो गेलाच,
म्हणून दावजी वळवीच्या नावावर
लाल रेघ ओढायला घेतली.

"थांब," सुरतीबाई म्हणाल्या.
"रंगावलीत एकाच सकाळी बुडालो आम्ही.
थंडीनं त्याला हसू फुटलेलं."

मग पदराखालून हात काढला.
अंगठा कडबाकुट्टीत गेलेला, सतरा वर्षांपूर्वी.
"शास्त्रात काय म्हटलंय आपल्याला? सभासद?"

नाही. अवयव.

"हिवाळ्यात अजून ठणकतो,
जिथं नाहीये तिथंच."

रेघ अर्धी झाली होती.
ब्लेडनं खरवडायला गेलो,
पान तेवढ्यापुरतं विरलं,
पलीकडचं एक नाव दिसू लागलं.